फुफ्फुसाबाहेरचा क्षय आणि जंतूंची कुळे

क्षय म्हटला की खोकला, ताप आणि थुंकीतून पडणारे रक्त एवढेच चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. पण हा रोग फुफ्फुसापुरताच थांबत नाही. मानेतील गाठींच्या क्षयाला आपल्याकडे पूर्वापार गंडमाळ म्हणतात. तो मणक्यात शिरला तर पाठीला कुबड येते. मेंदूच्या आवरणात शिरला तर प्राणावरच बेतते. भारतात नोंद होणाऱ्या क्षयरुग्णांपैकी सुमारे पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक अशा रुग्णांचा असतो. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना मला विद्यार्थी हटकून विचारतात, "सर, जंतू एकच, मग एकाच्या छातीत आणि दुसऱ्याच्या मणक्यात, असे का?"

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. हा जंतू सर्वत्र जवळजवळ एकसारखाच, असे पुढे बराच काळ मानले जाई. या समजुतीला एक धक्का मद्रासने दिला. १९६० च्या सुमारास डेनिस मिचिसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रास आणि ब्रिटन येथील रुग्णांचे जंतू गिनीपिगना टोचून पाहिले. दक्षिण भारतातील बरेच जंतू त्या प्राण्यांत सौम्य ठरले.

१९९८ साली या जंतूचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. तो सुमारे ४४ लाख अक्षरांचा आहे. दोन दूरच्या जंतूंत फरक असतो तो हजार-दोन हजार अक्षरांचा; पण तेवढ्यावरून त्यांची वंशावळ मांडता येते. पहिले कूळ हिंदी महासागराच्या काठचे. दक्षिण भारतात तेच अधिक. दुसरे पूर्व आशियातले, तिसरे उत्तर भारतात विशेष आढळणारे, तर चौथे युरोप-अमेरिकेतले. आणखीही काही कुळे आफ्रिकेत सापडली आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. व्हिएतनाममधील २००८ च्या अभ्यासात मेंदूज्वराच्या रुग्णांत चौथे कूळ फुफ्फुसाच्या रुग्णांच्या मानाने कमी आढळले. अमेरिकेतील २०१२ च्या पाहणीत केवळ फुफ्फुसाबाहेरचा क्षय दुसऱ्या कुळात सर्वांत कमी आणि तिसऱ्यात सर्वांत अधिक दिसला. २०२२ साली उत्तर कॅरोलिनातील संशोधकांनी 'ईएसएक्सएम' नावाच्या प्रथिनाकडे बोट दाखवले. पहिल्या कुळात ते अखंड असते आणि जंतूला गिळणाऱ्या भक्षक पेशींची हालचाल वाढवते. जंतू जणू त्यांच्याच पाठीवर बसून हाडापर्यंत पोचतो. दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या कुळांत हे प्रथिन तुटके आहे.

येथे चाणाक्ष वाचक विचारील, "तिसऱ्या कुळात प्रथिन तुटके, मग तेच फुफ्फुसाबाहेर अधिक कसे?" शंका रास्त आहे. एका जनुकाने सगळा उलगडा होत नाही, हाच तिचा अर्थ. कोवळे वय, कुपोषण, एचआयव्ही, रुग्णाची स्वतःची जनुके यांचाही वाटा असतोच. बी आणि जमीन दोन्ही पाहावी लागतात.

हा विषय केवळ पुस्तकी नाही. काही चाचण्या जंतूतील 'आयएस ६११०' हा तुकडा शोधतात. दक्षिण भारतातील काही जंतूंत तो एकदाच असतो, काहींत मुळीच नसतो. केवळ त्याच तुकड्यावर विसंबणारी चाचणी अशा रुग्णाला निरोगी ठरवील. मेंदूज्वरात ही चूक जीवघेणी ठरू शकते. म्हणून चाचणी घडवणाऱ्याला आपल्या मुलखातील जंतूंची कुळे ठाऊक हवीत.

माझ्या एका विद्यार्थिनीच्या मानेत गाठी होत्या. खोकला नाही, थुंकीत जंतू नाहीत, म्हणून घरच्यांनी कित्येक महिने लेपांवर काढले. निदान झाल्यावर तिचे ताट-वाटी वेगळी केली. दोन्ही गोष्टी अज्ञानाच्या. केवळ गाठींचा क्षय खोकल्यातून पसरत नाही, आणि साधारणतः सहा महिन्यांच्या औषधाने तो बरा होतो. ती बरी झाली, परीक्षाही उत्तीर्ण झाली.

तेव्हा मित्रहो, दोन-तीन आठवडे न जिरणारी गाठ, रात्रीचा घाम, उतरणारे वजन किंवा न थांबणारी पाठदुखी असेल तर खोकल्याची वाट पाहू नका. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी व औषधे मोफत मिळतात. गाठीतील द्रव सुईने काढून तपासता येतो. जंतूचे कूळ शोधणे शास्त्रज्ञांचे काम; वेळेवर दवाखान्यात जाणे आपले.