घटक ४ : आचार्य अत्रे – विनोदी पटकथाकार आणि निर्माते

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला
• अत्रे यांच्या चित्रपटलेखनाचे टप्पे सांगता येतील.
• त्यांच्या विनोदाची रचना स्पष्ट करता येईल.
• पटकथेचा वाङ्मयीन दृष्टीने विचार करता येईल.

४.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मरोळ, अंधेरी, गोरेगाव या परिसरात राहणाऱ्यांना चित्रीकरण नवे नाही. तेथे दिवे, कॅमेरा आणि नट दिसतात. ज्या लिखित पानावर हे सारे उभे असते, ते पान मात्र दिसत नाही. त्यामुळे पटकथाकाराची वाङ्मयीन दखल अपुरी राहते. प्रल्हाद केशव अत्रे (१८९८–१९६९) यांचेही तसेच झाले आहे. नाटककार, विडंबनकार आणि पत्रकार अत्रे यांच्यापुढे पटकथाकार अत्रे झाकोळले जातात.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ रंगभूमीकडून पडद्याकडे

‘साष्टांग नमस्कार’ (१९३३) या नाटकात सूर्यनमस्काराच्या वेडाने झपाटलेले रावबहादूर आहेत. एखाद्या मताचा अतिरेक करणारा माणूस हे अत्र्यांच्या विनोदाचे मूळ द्रव्य होय. कोल्हापूरच्या ‘हंस पिक्चर्स’साठी त्यांनी ‘धर्मवीर’ (१९३७) लिहिला. मास्टर विनायक यांच्या रूपाने त्यांना समानधर्मी दिग्दर्शक लाभला.

४.३.२ विनोदाची रचना

‘ब्रह्मचारी’ (१९३८) मधील औदुंबर एका व्याख्यानाने भारावतो, खोलीतील नट्यांची चित्रे काढून टाकतो आणि ब्रह्मचर्याचे व्रत घेतो. पुढे किशोरी भेटते आणि व्रत डळमळू लागते. येथे हसू शाब्दिक कोट्यांतून कमी आणि प्रसंगातून अधिक निर्माण होते. उसन्या मताने माणसाचा स्वभाव बदलत नाही, ही विसंगती कथानकच उघड करते. ‘ब्रँडीची बाटली’ (१९३९) मध्ये दारूशी ओळखही नसलेला साधा कारकून बगाराम ब्रँडी मिळवण्यास निघतो. मुंबईत त्याच वर्षी दारूबंदी आली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या विनोदाची सामाजिक धार कळते. दोन्ही ठिकाणी उपहास दांभिकतेचा आहे. भोळ्या नायकाविषयी लेखकाला आपुलकीच वाटते.

४.३.३ निर्माता अत्रे

चित्रपटात लेखकाच्या शब्दावर अखेरचा अधिकार बहुधा दुसऱ्याचा असतो. निर्माता झालेल्या लेखकाला तो अधिकार मिळतो. त्याबरोबर तोट्याची जोखीमही येते. अत्र्यांनी ती जोखीम घेतली. साने गुरुजींच्या कथनावरील ‘श्यामची आई’ (१९५३) ची निर्मिती व दिग्दर्शन त्यांनी केले. त्यास पहिल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर ‘महात्मा फुले’ (१९५४) आला.

विनोदकाराने करुणरसाकडे वळणे वरवर विसंगत वाटेल. परंतु औदुंबराची फजिती आणि श्यामच्या आईचा संसार या दोहोंत घरगुती बोली, लहान प्रसंग आणि आचरणाची कसोटी समान आहे. औदुंबराचे बोलणे आचरणात टिकत नाही, म्हणून आपण हसतो. श्यामची आई बोलते तसे वागते, म्हणून आपले डोळे भरून येतात.

४.४ समारोप

सारांश, उक्ती आणि कृती यांतील अंतर मोजणे हे अत्र्यांच्या चित्रपटलेखनाचे सूत्र म्हणता येईल. हे सूत्र मान्य केले, तर त्यांच्या पटकथा नाटकांच्या बरोबरीने अभ्यासाव्या लागतात.

४.५ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. ‘ब्रह्मचारी’ मधील विनोद प्रसंगनिष्ठ आहे, हे सोदाहरण स्पष्ट करा.
२. लेखकाने निर्माता होण्याचे लाभ व धोके लिहा.
३. आपण पाहिलेल्या एखाद्या मराठी विनोदी चित्रपटातील उक्ती-कृतीची विसंगती शोधून टिपण तयार करा.