सर्फबोर्ड घेताय? आधी गाभा कसला ते विचारा

गोव्यात आश्वे-मांद्र्याला, कर्नाटकात मुल्कीला किंवा चेन्नईजवळच्या कोवलमला चार धडे झाले, बोर्डवर उभं राहता यायला लागलं की स्वतःचा बोर्ड हवासा वाटतो. दुकानदार लांबी सांगतो, रंग दाखवतो, किंमत सांगतो. पण बोर्ड किती टिकणार आणि पायाखाली कसा वाटणार, हे ठरतं आतल्या फोमवर आणि वरच्या रेझिनवर. ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

कडक बोर्डाची रचना साधी असते: मध्ये फोमचा गाभा, त्यावर फायबरग्लासचं कापड, कापडात मुरवलेलं रेझिन. यात दोन घराणी आहेत. जुनं म्हणजे पीयू, अर्थात पॉलियुरेथेन फोम आणि पॉलिएस्टर रेझिन. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात बोर्ड बनवणाऱ्या होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी बाल्सा लाकडाच्या जागी हा फोम रुजवला. पुढे अमेरिकेतले बहुतेक बोर्ड क्लार्कच्याच कारखान्यातल्या फोमवर बनत. ५ डिसेंबर २००५ रोजी त्याने तो कारखाना अचानक बंद केला. मग अनेक कारागीर दुसऱ्या घराण्याकडे, म्हणजे ईपीएस आणि इपॉक्सीकडे वळले. ईपीएस म्हणजे आपला थर्माकोलच, फक्त जास्त घट्ट.

पीयू थोडा जड असतो, पाण्यात जरा खोल बसतो. वाऱ्याने पाणी खडबडीत झालं तरी तो थरथरत नाही आणि वळण घेताना भरवशाचा वाटतो. इपॉक्सी हलका, जास्त तरंगणारा, चटकन वेग घेणारा. बारीक लाटेत तो सरस ठरतो, खडबडीत पाण्यात मात्र पायाखाली खडखडतो. गोव्याच्या किनाऱ्यावर एरवी लाटा लहान आणि मऊ असतात. तिथे नवशिक्याने पीयूच्या मागे लागण्यात मला अर्थ दिसत नाही.

टिकाऊपणाचं गणित मात्र थोडं फसवं आहे. इपॉक्सीचं कवच चिवट असतं. जांभ्या खडकावर किंवा दुसऱ्या बोर्डवर आपटलं तर पीयूला जिथे तडा जातो, तिथे इपॉक्सी बरेचदा वाचतो. पण एकदा छेद पडला की ईपीएसचा गाभा पाणी झपाट्याने पितो. पीयूही पितो, पण सावकाश. म्हणून इपॉक्सीला भोक दिसलं की त्याच क्षणी पाण्याबाहेर या.

दुरुस्तीत सगळ्यात महागडी चूक म्हणजे ईपीएस बोर्डाला पॉलिएस्टर रेझिन लावणं. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि ते थर्माकोल विरघळवतं. पेट्रोल सांडल्यावर थर्माकोलच्या डब्याचं जे होतं, तेच ईपीएस बोर्डाच्या गाभ्याचं होतं. इपॉक्सी रेझिन दोन्ही प्रकारच्या बोर्डांना चालतं. उन्हात सुकणाऱ्या तयार ट्यूब मिळतात, त्याही दोन्ही जातींच्या असतात. ट्यूबवर काय लिहिलंय ते वाचूनच घ्या.

दुसरा शत्रू ऊन. बंद गाडीत किंवा टपावर दुपारभर ठेवलेल्या ईपीएस बोर्डातली हवा फुगते, कवच गाभ्यापासून सुटतं आणि फुगवटा येतो. त्याची दुरुस्ती किचकट आणि खर्चिक असते. पांढरा किंवा फिकट बोर्ड घ्या, सावलीत ठेवा. काही ईपीएस बोर्डांना हवा सुटण्यासाठी स्क्रू असतो. विमानात देण्याआधी तो सैल करा आणि पाण्यात उतरण्याआधी न विसरता घट्ट करा.

कडक बोर्डांखेरीज तिसरा पर्याय सॉफ्टटॉप. त्याचा वरचा थर मऊ असतो. डोक्यावर आदळला तरी इजा कमी, म्हणून सर्फिंगच्या शाळांमध्ये तोच दिसतो. मात्र थर एकदा सुटू लागले आणि आत पाणी गेलं की तो नीट दुरुस्त होत नाही.

आता पैशांचं. हे आकडे ढोबळ आहेत, विक्रेत्यागणिक बदलतील. सॉफ्टटॉप २० ते ४० हजार, पीयू किंवा इपॉक्सी ४० ते ८० हजार. समजा बोर्ड ५०,००० चा घेतला. फिन (बुडाला लावायचे पंख) ४,५००, लीश (पायाला बांधायची दोरी) ३,०००, बॅग ५,५०० धरा, बेरीज ६३,००० झाली. आयात असेल तर सीमाशुल्क आणि वाहतूक वेगळी. भाडं तासाला ७०० रुपये धरलं तर याच पैशांत ९० तास लाटांवर काढता येतात. पावसाळ्यात गोव्याचा समुद्र पोहायलाही धोक्याचा, तेव्हा बोर्ड घरात पडून राहणार. वर्षाला आठ-दहा दिवसच जाणार असाल तर भाड्याचाच घ्या.

जुना बोर्ड स्वस्तात मिळतोय? उन्हात आडवा धरून पिवळे डाग बघा. बोटाच्या पेराने सगळीकडे टकटक करा. एखाद्या ठिकाणी आवाज पोकळ आला तर तिथलं कवच सुटलंय. अंगठ्याने दाबून तो भाग आत जातो का पाहा. आडवी सुरकुती असेल तर बोर्ड आतून मोडलाय, सोडून द्या. फिन बसतात त्या खाचांभोवतीचे बारीक तडेही तपासा.

नवा घेताना कापडाचं वजनही विचारा. ४ औंसाचं कापड हलकं, ६ औंसाचं जास्त टिकाऊ. शिकणाऱ्याने चार-पाचशे ग्रॅम वजन जास्त पत्करावं.

माझा सल्ला असा: सुरुवातीला भाड्याचा सॉफ्टटॉप, मग सात-आठ फुटी, जाड कापडाचा इपॉक्सी. पीयू घ्या तो दर आठवड्याला चांगल्या लाटेवर जायला लागल्यावर. आणि कुठलाही घ्या, तुमच्या किनाऱ्यावर त्या जातीचा बोर्ड दुरुस्त करणारा माणूस कोण, हे पैसे देण्याआधी शोधून ठेवा.