सफरचंदाचा ब्रेड कोरडा का होतो?

प्रश्न : यीस्टशिवाय सफरचंद-दालचिनीचा ब्रेड करते. वरून छान दिसतो, पण आतून भुगा पडतो. घरी ओव्हन नाही, कुकरमध्येच भाजते. काय चुकतं? – एक वाचक, कौंडण्यपूर

उत्तर : बहुधा दोन गोष्टी : पीठ जास्त घोटलं जातं आणि ब्रेड जास्त वेळ आचेवर राहतो. घोटल्याने मैद्यातलं ग्लुटेन ताणतं आणि ब्रेड चिवट होतो. कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवा, गुठळ्या राहिल्या तरी चालतील.

प्रमाण : मैदा १८० ग्रॅम, साखर १२०, दही १५०, तेल ८० मिली, बेकिंग पावडर १ चमचा, सोडा अर्धा चमचा, दालचिनी पूड १ चमचा, चिमूटभर मीठ. एक सफरचंद किसून घ्या, रस पिळू नका; दुसऱ्याच्या बारीक फोडी करा. लोण्याऐवजी तेलच घ्या. ते थंडीतही गोठत नाही, म्हणून ब्रेड मऊ राहतो. सरकीचं किंवा सोयाबीनचं रिफाइंड तेल चालेल. घाणीच्या शेंगदाणा तेलाचा वास दालचिनीवर मात करतो. तुमच्याकडे संत्र्यांना तोटा नाही, चमचाभर किसलेली साल घालून पाहा.

कुकरची रिंग आणि शिट्टी काढा, तळाशी मीठ व जाळी ठेवून दहा मिनिटं तापवा. मग घोळाचा डबा आत ठेवून मंद आचेवर पाऊण तास भाजा. सुरीला ओला घोळ लागला नाही, पण दोन-चार दमट कण चिकटले, की लगेच उतरवा. दहा मिनिटांनी डब्यातून काढा, निवल्यावर झाकून ठेवा. उन्हाळ्यात मात्र फ्रिजमध्येच.