पॉसमचा शेजार

न्यू जर्सीत घर घेतलं की गवत कापणं, पानं ओढणं, बर्फ उपसणं हे ओघानंच येतं. डेकखाली पॉसमही येतं, हे मात्र कोणी आधी सांगत नाही. त्याच्या शेजारानं शिकवलेलं थोडंसं.

१. दिसण्यावर जाऊ नये, हे मान्य. पण पॉसम त्याची फारच परीक्षा पाहतं. निमुळतं पांढरं तोंड, बिनकेसाची शेपटी, थंडीनं कडा झडलेले कान. घूस पिठात लोळून आल्यासारखा अवतार! तोंड उघडलं की दात ५०. आणि नातं कुणाशी, तर कांगारूशी. मेक्सिकोच्या उत्तरेला पोटाशी पिशवी असलेला हा एकमेव प्राणी. पिल्लं जन्मतात मधमाशीएवढी, तीही जेमतेम १३ दिवसांच्या गर्भारपणानंतर.

२. भित्र्या माणसाला भित्रा शेजारी बरा. रॅकून आपल्याकडे रोखून बघतो. पॉसम दात विचकतं, फिस्कारतं आणि तेवढ्यानं भागलं नाही तर सरळ कोलमडतं. जीभ बाहेर, तोंडाला लाळ, वर मेल्यासारखी दुर्गंधी. आम्ही फावडं आणि पिशवी शोधून येईपर्यंत मयत पसार! मी त्याला पक्का नाटकी समजत होतो. पण हे सोंग त्याच्या हातात नसतंच; भीतीनं शरीर आपोआप बंद पडतं, आणि शुद्धीवर यायला कधी मिनिटं लागतात, कधी तास. तेव्हापासून त्याच्याबद्दल जरा आपुलकी वाटते. मुलाखतीला बसल्यावर माझंही साधारण असंच होतं.

३. कोणाचं फार कौतुक ऐकू आलं की हिशेब मागावा. इकडे गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम रोगाची धास्ती मोठी, त्यामुळे ‘एक पॉसम हंगामात पाच हजार गोचिडी फस्त करतं’ हे वाक्य गणपतीच्या जेवणाच्या पंगतीतसुद्धा ऐकलंय. त्याचं मूळ २००९ च्या एका संशोधनात आहे. पिंजऱ्यातल्या पॉसमांवर गोचिडीची पिल्लं सोडली, गळून पडलेली मोजली आणि न सापडलेली खाल्ली असं धरलं. पुढे २०२१ मध्ये इलिनॉयमधल्या ३२ पॉसमांच्या पोटातलं अन्न तपासलं, तर एकही गोचीड निघाली नाही. वाचून मला उगाच वाईट वाटलं, जणू घरातल्याच कुणाची पदवी खोटी निघाली.

४. पदवी गेली तरी कामं उरतातच. बिनशंखाच्या गोगलगायी, किडे, सडकी फळं, मेलेलं काहीबाही, सगळं बिनतक्रार साफ. रॅटलस्नेकचं विषही ते पचवतं. रेबीज त्याला क्वचितच होतो; अंग इतर सस्तन प्राण्यांपेक्षा थंड असतं म्हणून, असं मानतात. रानात आयुष्य जेमतेम दोन वर्षांचं, म्हणजे आम्ही ज्याला ‘आपलं पॉसम’ म्हणतो ते दरवेळी निराळंच असणार.

५. घोडे पाळणाऱ्यापुढे मात्र हे गुणगान करू नये. पॉसमच्या विष्ठेतून चाऱ्यात गेलेला एक परजीवी घोड्याच्या मज्जासंस्थेवर घाला घालतो, त्यामुळे तबेल्यात त्याला थारा नाही. आमच्या दारात घोडा नाही, होंडा आहे.