विक्री तिप्पट, गल्ला मात्र तेवढाच! असं कसं?

प्रश्न : आम्ही दोघी जावा शेंद्र्याला घरीच येसर, मेतकूट आणि कारळाची चटणी करतो. दोन वर्षांपूर्वी महिन्याला अडीचशे पाकिटं जायची, तीही ओळखीपाळखीत. आता घर, किराणा दुकानं, प्रदर्शन, ऑनलाइन आणि एमआयडीसीतलं एक कँटीन असं सगळं मिळून साडेसातशे पाकिटांचा माल जातो. काम तिप्पट झालं, पण महिनाअखेर हातात पैसा पहिल्याएवढाच दिसतो, कधी त्याहूनही कमी. पुतण्या म्हणतो, अजून दोन ॲपवर माल टाका. हिशेबाची वही सोबत पाठवत आहोत. पैसा जातो कुठे?
— दोघी जावा, शेंद्रा

उत्तर : आधी मनातली शंका काढून टाका. तुमच्या गल्ल्यात कुणी हात घातलेला नाही. वही स्वच्छ आहे, बेरजाही बरोबर आहेत. फक्त तिच्यात दोन रकाने कमी आहेत. तुम्ही ‘किती पाकिटं गेली’ हे लिहिता. ‘पाकिटामागे किती उरलं’ आणि ‘ते पैसे कधी आले’ हे लिहीत नाही. उत्तर नेमकं त्या दोन रकान्यांत दडलं आहे.

पहिला रकाना आपण आकडे थोडे गोल करून भरू आणि जीएसटी तूर्त बाजूला ठेवू. तुमचं 200 ग्रॅमचं पाकीट 100 रुपयांचं. हरभरा डाळ, धने, मसाला, दळण, मजुरी आणि पाकीट धरून खर्च 50. हाच माल पाच वाटांनी जातो आणि प्रत्येक वाटेवर टोलनाका वेगळा आहे.

घरून विकलं की पिशवी आणि पोहोचवण्याचे 5 रुपये वजा जाऊन 45 उरतात. किराणा दुकानदार त्याचे 25 घेतो. तुम्हाला मिळतात 75. त्यातून 50 खर्च, 4 पेट्रोल आणि परत आलेल्या फुटक्या-जुन्या पाकिटांचे 3 काढले की राहतात 18. ऑनलाइन एक पाकीट गेलं की ॲपचे 15 आणि पार्सलचे 50 जातात, म्हणजे तुम्ही गिऱ्हाइकाला येसराबरोबर पदरचे 15 रुपये पाठवता! प्रदर्शनात 80 पाकिटं खपली, वरकड 4,000 रुपये सुटले आणि गाळ्याचे 3,000 व जाण्यायेण्या-जेवणाचे 1,000 मिळून तेवढेच संपले. कँटीनला माल सुटा जातो, म्हणून पाकिटाचा खर्च वाचतो, पण भाव 260 रुपये किलो. किलोमागे 50 उरतात, म्हणजे 200 ग्रॅममागे 10.

आता बेरीज करू. पूर्वी 250 पाकिटं घरून जायची. प्रत्येकी 45 प्रमाणे 11,250 रुपये. आता घरून 150 जातात, त्यांचे 6,750. दुकानातल्या 300 चे 5,400. कँटीनच्या 24 किलोंचे 1,200. प्रदर्शन शून्य. ऑनलाइन 100 पाकिटांचा तोटा 1,500. एकूण 11,850. माल तिप्पट आणि वाढ सहाशे रुपयांची! तुमच्या पाठीला हा हिशेब आधीच कळला होता, वहीला आत्ता कळला.

यात एक गोष्ट नजरेतून सुटते. घरची विक्री अडीचशेवरून दीडशेवर का आली? चव तर बिघडली नाही. तुम्ही दोघी दुकानांच्या फेऱ्यांत आणि पार्सलं बांधण्यात अडकलात, म्हणून जुन्या गिऱ्हाइकांना ‘ताजा माल निघालाय’ असं कळवणं राहून गेलं. सगळ्यात जास्त उरवणारी वाट दुर्लक्षाने बुजली आणि कमी उरवणाऱ्या वाटा रुंद झाल्या.

दुसरा रकाना दिवसांचा. दुकानदार महिन्याने पैसे देतो. 300 पाकिटांचे 22,500 रुपये म्हणजे कायम बाहेर. कँटीनचा ठेकेदार दोन महिन्यांनी देतो, तिथे साधारण 12,500 अडकतात. एकूण 35,000. तुमचा महिन्याचा सगळा माल तयार करायला साधारण साडेछत्तीस हजार लागतात. म्हणजे जवळजवळ एका महिन्याचं भांडवल लोकांच्या गल्ल्यात झोपलेलं असतं आणि तुम्ही मोंढ्यातून डाळ-धने मात्र रोखीने आणता. नफा वहीत दिसतो आणि डब्यात दिसत नाही, त्याचं कारण हे. पैसा बुडालेला नाही, उधारीवर गावभर फिरतो आहे.

मग चार वाटा बंद करून पुन्हा घरूनच विकायचं का? तसंही नाही. तुमच्या शेजारीच पाहा. शेंद्र्याच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत 2001 पासून स्कोडाचा कारखाना आहे, पलीकडे ऑरिक ही उद्योगनगरी उभी राहिली. अशा औद्योगिक पट्ट्यात सुटे भाग करणाऱ्या लघुउद्योजकांचं दुखणं बरोबर उलटं असतं. त्यांचं गिऱ्हाईक एकच आणि मोठं. त्याने महिनाभर मागणी कमी केली की इकडची मशीन थंड पडते. म्हणून ते दुसरा खरेदीदार शोधत असतात. ‘मसिआ’ या लघुउद्योजकांच्या संघटनेने जानेवारी 2023 मध्ये ऑरिकमध्येच भरवलेल्या ‘ॲडव्हान्टेज महाराष्ट्र एक्स्पो’सारखी प्रदर्शनं त्यासाठीच असतात. एकच दार धोक्याचं आणि पाच दारं एकदम उघडली तर घरात वारा घुसतो. एक दार नीट बसलं की पुढचं उघडावं. लिज्जतची सुरुवात आठवा. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली, ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेली. आधी एक दार, नंतर देशभर.

आता एकेका वाटेची दुरुस्ती पाहू.

किराणा दुकान : इथे एक जुना गोंधळ आहे. दुकानदार ‘पंचवीस टक्के’ म्हणतो ते छापील किमतीवर, म्हणजे 100 वर 25. तुम्ही पहिल्यांदा ते स्वतःच्या भावावर धरलं होतं. 80 ला द्यायचं, त्यावर पंचवीस टक्के चढवले की 100 होतात, असा तुमचा हिशेब. त्यात दुकानदाराला 20 च मिळतात. शब्द एकच, फरक पाकिटामागे पाच रुपयांचा. भाव ठरवताना टक्के बोलूच नका, ‘तुम्हाला 75 ला पडेल’ असं रुपयांत बोला. आणि वीस दुकानांत पंधरा-पंधरा पाकिटं ठेवण्यापेक्षा खप असलेल्या आठ दुकानांत जास्त ठेवा. पेट्रोल वाचेल, जुना माल कमी परत येईल. पंधरा दिवसांनी फेरी आणि मागचे पैसे मिळाल्यावरच नवा माल, हा नियम आठ ठिकाणी पाळता येतो, वीस ठिकाणी नाही.

ऑनलाइन : ‘भाडं नाही, म्हणजे फुकट’ हा पुतण्याचा समज बऱ्याच जणांचा असतो. भाडं असतं, ते पाकिटावर बसतं. पार्सलचा खर्च मुख्यतः वजनावर आणि अंतरावर ठरतो, आतल्या मालाच्या किमतीवर नाही. म्हणून स्वस्त वस्तू एकेकटी पाठवणं परवडत नाही. चार पाकिटांचा 400 रुपयांचा डबा करा. खर्च 200, ॲपचे 60, पार्सलचे 70. उरले 70, म्हणजे पाकिटामागे साडेसतरा. तोट्याची वाट दुकानाच्या बरोबरीला आली. आणि ऑनलाइन विकायचं तर जीएसटी नोंदणी हवीच, हे आता पूर्ण खरं नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून वर्षाची विक्री 40 लाखांच्या आत असलेला छोटा विक्रेता जीएसटी पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घेऊन राज्यातल्या राज्यात ॲपवर माल विकू शकतो. ऑर्डर इंदूरची किंवा हैदराबादची आली तर मात्र आधी नोंदणी.

प्रदर्शन : त्याला विक्रीचं दुकान समजलं की निराशा ठरलेली. चैत्रात तुमच्याकडे मांगीरबाबांची यात्रा भरते. यात्रेतला जुना दुकानदार चार दिवसांच्या गल्ल्याइतकीच पुढच्या वर्षीच्या ओळखीची किंमत करतो. प्रदर्शनात येसराच्या आमटीची वाटी चाखायला द्या आणि नाव व फोन नंबर मागून घ्या. 80 पाकिटं विकून नफा शून्य झाला, पण त्या 80 जणांतले वीस जण जरी दरमहा घरच्या वाटेने घेऊ लागले, तरी दरमहा 900 रुपये वाढतात.

कँटीन : इथे कायदा तुमच्या बाजूने आहे, पण उद्यम नोंदणी हवी. ती ऑनलाइन आणि मोफत होते. एमएसएमई विकास कायदा 2006 सांगतो की सूक्ष्म किंवा लघुउद्योगाने बनवलेला माल स्वीकारल्यावर, लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला, पण फार तर 45 दिवसांत पैसे द्यायचे. करार नसेल तर मुदत 15 दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय 2024-25 या आकारणी वर्षापासून असे थकवलेले पैसे खरेदीदाराला प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाहीत, ते प्रत्यक्ष चुकवल्यावरच दाखवता येतात. पहिल्याच महिन्यात कायद्याचा बडगा उगारायला सांगत नाही. बिलावर उद्यम क्रमांक आणि ‘देयक मुदत 45 दिवस’ एवढं छापा. ठेकेदाराचा हिशेबनीस ते वाचतो.

घर : सर्वात जास्त उरवणारी वाट, म्हणून सर्वात जास्त लक्ष इथे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना लोखंडी नांगराची पहिली खेप विकायला दोन वर्षं लागली, कारण लोखंडाने जमिनीत विष भिनेल, अशी शेतकऱ्यांना भीती होती. माल चांगला असून भागत नाही, गिऱ्हाइकाशी बोलत राहावं लागतं, हा धडा त्या घराने पक्का गिरवला. 1920 साली त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. शंकरराव किर्लोस्करांनी संपादित केलेल्या त्या पत्रकाचं पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. तुमच्याकडे छापखाना नको, व्हॉट्सॲप आहे. महिन्यातून दोनदा, भट्टीवरून माल उतरला त्या दिवशी, एक फोटो आणि दोन ओळी. रोज सुप्रभात पाठवू नका, लोक आवाज बंद करून ठेवतात.

शेवटची गाठ भावाची. घरी 90 ला द्यायचं आणि दुकानात तेच 100 ला, असा मोह होतो. छापील किंमत ही कमाल किंमत आहे, तिच्याखाली विकायला कायद्याची आडकाठी नाही. पण दुकानदाराच्या कानावर गेलं की तो तुमचं पाकीट मागच्या फळीवर सरकवतो, आणि तुमचे 45 चे 35 होतात ते वेगळंच. भाव सगळीकडे एक ठेवा, माप बदला. दुकानात 200 ग्रॅम, घरी अर्धा किलो, ऑनलाइन चार पाकिटांचा डबा. मग तुलना करायला कुणाच्या हाती काही लागत नाही.

तेव्हा आज वहीत ते दोन रकाने आखा आणि तीन महिने भरा. ज्या वाटेवर उरतं जास्त आणि पैसे येतात लवकर, तिच्यावर एक फेरी वाढवा. जिथे दोन्ही उलटं, तिथली एक फेरी कमी करा. नवं ॲप उघडायचंच असेल तर पहिलं शंभर रुपयांचं पार्सल पुतण्याला त्याच्या खिशातून पाठवायला सांगा. कुरिअरच्या खिडकीपाशी तो हिशेब माझ्यापेक्षा लवकर शिकेल.