आधी मेणातले दात, मग इम्प्लांट

अगं, सासूबाईंना चार इम्प्लांटवर पक्के दात बसवून टाकायचे म्हणतेस. माया कळते तुझी, पण जरा दमानं घे. त्यांचा खालचा जबडा पुढे आहे ना, सगळी मेख तिथे आहे.

दात गेले की हाड झिजतं. वरचं आत-आत सरकतं, खालचं बसकं आणि रुंद होतं. म्हणून सरळ जबड्याच्या बायकांचीही हनुवटी पुढे आल्यासारखी दिसते. सासूबाईंची तर लग्नाच्या फोटोतही तशीच आहे. म्हणजे वर इम्प्लांटला हाड मिळणार मागे आणि दात हवेत बरेच पुढे. पक्का ब्रिज केला तर तो पुढे लोंबतो, इम्प्लांटवर ताण येतो, ओठ आत गेलेलाच राहतो नि खाली ब्रश पोचत नाही. इम्प्लांटवर खटकन बसणाऱ्या, रात्री काढून धुता येणाऱ्या कवळीला मात्र गुलाबी हिरडीची जाडी देता येते, ओठ भरतो.

काढायची कवळी म्हणजे कमीपणा, हे डोक्यातून काढ. 2002 मध्ये मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी बिनदाती खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हीच पहिली निवड ठरवली होती.

आणि जबडा वाकडा म्हणून घाबरूही नकोस. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये ज्या पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले, त्या योस्टा लार्सन यांच्या जबड्यात जन्मापासूनच व्यंग होतं. चाळीस वर्षं टिकले ते.

डॉक्टरही कवळ्या आणि ब्रिजमधला तज्ज्ञ, प्रोस्थोडॉन्टिस्ट बघ. हाडाचा सीबीसीटी स्कॅन तर हवाच, पण हाडाला हात लावण्याआधी मेणात दात लावून दाखवा म्हणावं. वरच्या दातांनी खालचे झाकलेच पाहिजेत, असा हट्ट धरू नकोस. अशा जबड्यात कडेला कड टेकली तरी चालतं. ओढूनताणून पुढे आणलेली कवळी घास चावताना उचकटते. ऑपरेशनआधी त्यांची साखर ताब्यात आण, मिश्री बंद कर, आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून त्या गोळ्या-इंजेक्शनं घेत असतील तर डॉक्टरांना आधी सांग. त्या औषधांनी जबड्याची जखम भरायला त्रास होऊ शकतो.

मेणाच्या त्या बैठकीला सासूबाईंनाच आरसा दे. 'सासवड', 'फणस' म्हणायला लाव. उच्चार अडखळला, ओठ आवडला नाही, तर दात तिथल्या तिथे हलवता येतात. त्यांनी हो म्हटल्यावरच ऑपरेशनची तारीख घे.