पदरात घातलेली चूक, पोटात घातलेली चूक



आरती झाली की आपण हात जोडून क्षमापनाचे श्लोक म्हणतो. मीही चाळीस वर्षे म्हणत आलो. पण क्षमा, माफी आणि निर्दोष हे तिन्ही शब्द मी एकाच मापाने मोजत होतो.

'क्षमा' संस्कृत 'क्षम्' धातूपासून आली. क्षम् म्हणजे सोसणे. पृथ्वीलाही क्षमा म्हणतात. ती सगळ्यांचे पाय सोसते. 'माफी' मूळची अरबी, फारसीबरोबर आपल्याकडे आली आणि कचेरीत रुळली. सारा माफ, दंड माफ. पेपरात 'माफीचा साक्षीदार' वाचतो ना, त्याला माफी मिळते ती खरं ते सगळं सांगण्याच्या अटीवर. आणि जो निर्दोष सुटला त्याला माफी कसली? त्याच्यावर दोष शाबीतच झाला नाही.

आपल्या बोलण्यात आणखी एक जोडी आहे. चूक पदरात घालणे म्हणजे ज्याची त्याला दाखवून देणे. पोटात घालणे म्हणजे सोसून विसरणे. श्रीगुरुचरित्राच्या चोविसाव्या अध्यायात दोन्ही आहेत. कुमसीचे त्रिविक्रमभारती श्रीनृसिंहसरस्वतींना दांभिक म्हणून निंदीत. महाराज आपणहून कुमसीला गेले. बरोबरचा सगळा लवाजमा त्रिविक्रमांना दंडधारी यतींचा दिसू लागला. यातले स्वामी कोणते, कळेना. ते शरण गेले. महाराजांनी चूक आधी पदरात घातली, मग पोटात.

माझं उलटंच झालं. धुळ्याकडच्या शेताचा बांध सरकवला म्हणून मी धाकट्या भावावर आळ घातला. सरकारी मोजणी झाली, बांध जागच्या जागी निघाला. भाऊबंद म्हणाले, "झालं, तो निर्दोष ठरला." मलाही वाटलं, मिटलं. तीन वर्षं तो माझ्या दारी आला नाही. त्याला निर्दोष ठरवलं ते मोजणीच्या साखळीनं. माझ्या तोंडून काहीच निघालं नव्हतं. आणि रोज देवापुढे मात्र क्षमा मागत होतो!

पुढे दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो. एकमुखी दत्ताच्या दर्शनाच्या रांगेत तो चार माणसं पुढे होता. मी तिथूनच म्हटलं, "भाऊ, मन्हं चुकनं."

तो काही बोलला नाही. मधल्या चौघांना पुढे जाऊ दिलं आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"दादा, नारय लिधा का?"

मी घेतला नव्हता. त्याच्या पिशवीत दोन होते.